हृदयरुग्ण आणि दंतोपचार

दंतवैद्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या रुग्णाकडून एक तक्ता भरून घेतला जातो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, चालू असलेली औषधे असे रकाने त्यात असतात. दाढ ठणकत असताना ते लक्षपूर्वक वाचण्याची मनःस्थिती कोणाचीच नसते. सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करून रुग्ण खुर्चीवर येऊन बसतो. भूल देण्याची तयारी झाल्यावर सहज बोलण्यातून कळते, की मागच्या दिवाळीत अँजिओप्लास्टी झाली आहे आणि ‘रक्त पातळ होण्याची’ एक गोळी रोज चालू आहे. दातांचा आणि हृदयाचा काय संबंध, म्हणून सांगितले नाही, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. याच्या अगदी उलट वागणारा दुसरा एक वर्ग आहे आणि तो अधिक धोक्यात असतो. दाढ काढायची हे ठरताच कोणालाही न विचारता तो चार-पाच दिवस आधीपासून ती गोळी बंद करतो आणि आपण खबरदारी घेतली, असे मोठ्या समाधानाने सांगतो.

हृदयविकार असलेल्या बहुतेक सर्व रुग्णांवर दातांचे बहुतेक सर्व उपचार सुरक्षितपणे करता येतात. मात्र कोणता हृदयविकार आहे, त्यावर कोणता उपचार झाला आहे आणि कोणती औषधे चालू आहेत, या तीन गोष्टी दंतवैद्याला नेमक्या ठाऊक असाव्या लागतात. ‘हार्टचा पेशंट’ एवढ्या माहितीवरून काहीच ठरवता येत नाही. बायपास झालेला रुग्ण, कृत्रिम झडप बसवलेला रुग्ण आणि पेसमेकर असलेला रुग्ण या तिघांसाठी घ्यावयाची काळजी पूर्णपणे निराळी असते.

गोळी बंद करण्याचा प्रश्न

अँजिओप्लास्टीत अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, बसवतात. ही जाळी शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू असते. रक्तवाहिनीचे अस्तर हळूहळू तिच्यावर वाढते आणि ती झाकली जाते. पण तोपर्यंत उघड्या धातूवर रक्ताची गुठळी जमण्याची भीती असते. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटमध्ये हे झाकले जाण्याचे काम अधिक संथपणे होते. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांपैकी एक अशा दोन गोळ्या काही महिने एकत्र दिल्या जातात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट बसवला असेल, तर हा काळ साधारणपणे बारा महिन्यांचा धरला जातो. त्यापुढेही एक गोळी बहुधा कायमची राहते.

या काळात गोळ्या थांबवल्या आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर रक्तवाहिनी अचानक पूर्ण बंद होते. परिणाम मोठ्या झटक्याचा असतो आणि त्यातून अनेक रुग्ण वाचत नाहीत. दाढ काढल्यावर होणारा रक्तस्राव मात्र डोळ्यांसमोर, बोटाने दाबता येईल अशा ठिकाणी होत असतो. या दोन संकटांची तुलना केली, की निर्णय कोणत्या बाजूला झुकावा हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील हृदयरोग, शल्यक्रिया आणि दंतवैद्यक या क्षेत्रांतील संघटनांनी २००७ साली एकत्र येऊन नेमका हाच सल्ला प्रसिद्ध केला. स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या गोळ्या दातांच्या उपचारासाठी परस्पर थांबवू नयेत; जो उपचार पुढे ढकलता येण्याजोगा आहे, तो ढकलावा. इतक्या वर्षांनंतरही ‘गोळी बंद करून या’ असे तोंडी सांगणारे दंतवैद्य आढळतात, याचे नवल वाटते. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम रक्तातील बिंबिकांवर त्यांच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस टिकतो. त्यामुळे दोन दिवस आधी गोळी थांबवून रक्तस्रावात फारसा फरक पडत नाही आणि धोका तेवढा पदरात पडतो.

वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. धातूची कृत्रिम झडप असलेल्यांना ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात. हृदयाची लय बिघडलेल्या अनेकांनाही ती दिली जातात. त्यांचा परिणाम ‘आयएनआर’ या रक्तचाचणीने मोजतात. झडप कोणत्या जागी आहे त्यानुसार हा आकडा दोन ते साडेतीनच्या दरम्यान राखला जातो. दात काढण्यापूर्वी चोवीस तासांच्या आत ही चाचणी करावी. ज्यांचा आकडा महिनोन्‌महिने स्थिर आहे, त्यांना तीन दिवसांपर्यंतचा अहवाल चालतो. आकडा चारच्या खाली असेल, तर गोळी न थांबवता एक ते तीन दात काढता येतात. तो त्याहून अधिक असेल, तर दंतवैद्याने थांबावे आणि रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. डॅबिगाट्रान, रिव्हरॉक्साबान, अपिक्साबान या अलीकडच्या औषधांसाठी आयएनआर उपयोगाचा नाही. साध्या उपचारांसाठी ती थांबवावी लागत नाहीत. मोठी शस्त्रक्रिया असेल, तर त्या दिवशीची सकाळची मात्रा टाळावी किंवा उशिरा घ्यावी, असा सल्ला दिला जातो. तो निर्णयही औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचाच असावा.

रक्तस्राव आटोक्यात ठेवण्याची साधने दंतवैद्याकडे असतात. एका बैठकीत अनेक दात न काढता थोडे थोडे काढणे, खळग्यात विरघळणारा जिलेटिनचा स्पंज ठेवणे, टाके घालणे, ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या द्रावणात भिजवलेली गॉजची घडी दाबून धरायला देणे, या साध्या उपायांनी बहुतेक वेळा भागते. अशा रुग्णाने सकाळची वेळ आणि आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस मागून घ्यावा. शनिवारी संध्याकाळी दाढ काढली आणि मध्यरात्री रक्त सुरू झाले, तर रविवारी कोणाचे दार ठोठावणार? घरी गेल्यावर गॉजची घडी अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावी. दर पाच मिनिटांनी ती काढून आरशात पाहण्याचा मोह टाळावा. त्या दिवशी चूळ भरू नये, सारखे थुंकू नये, गरम चहा पिऊ नये. लाळेला गुलाबी छटा दिसणे स्वाभाविक आहे. तोंडात रक्ताच्या गाठी साचत असतील, तर मात्र पुन्हा दवाखाना गाठावा.

खरी फसगत पुढे औषधाच्या दुकानात होते. दात काढल्यावर दुखू लागले, की घरातली किंवा दुकानदाराने दिलेली वेदनाशामक गोळी घेतली जाते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या गोळ्या वॉर्फरिनच्या जोडीने रक्तस्राव वाढवतात, रक्तदाब चढवतात आणि हृदय कमकुवत असेल, तर शरीरात पाणी साठवतात. आयब्युप्रोफेन आधी घेतली, तर अ‍ॅस्पिरिनचा उपयोगच कमी होतो, अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००६ साली दिली होती. वेदनाशामकांचे हृदयावरील दुष्परिणाम किती गंभीर असू शकतात, हे २००४ साली रोफेकॉक्सिब बाजारातून मागे घ्यावे लागले तेव्हाच जगाला कळले. हृदयरुग्णासाठी पॅरासिटॅमॉल हीच पहिली निवड. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी आणखी दोन-तीन नावे लक्षात ठेवावीत. दातांच्या गळवासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल, त्याचप्रमाणे एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन या औषधांनी आयएनआर झपाट्याने वाढू शकतो. कवळीखाली बुरशीचा संसर्ग झाला, तर लावायला देतात ते मायकोनॅझोलचे जेलही तेच करते. ते नुसते लावायचे औषध आहे म्हणून निरुपद्रवी, असे कोणी समजू नये.

प्रतिजैविक कोणाला, कोणाला नाही

तोंडात असंख्य जिवाणू सुखाने नांदत असतात. दात काढताना किंवा हिरड्यांखालचे कीटण काढताना त्यांतील काही रक्तात शिरतात. निरोगी हृदयात ते टिकत नाहीत, काही मिनिटांतच नाहीसे होतात. पण हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा झडपेचा पृष्ठभाग खडबडीत झाला असेल, तर तेथे त्यांना आसरा मिळतो. त्यांच्याभोवती गुठळी जमते, झडप कुरतडली जाते आणि गुठळीचे तुकडे सुटून मेंदूपर्यंत पोचू शकतात. ‘इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस’ म्हणतात तो हा आजार. तो विरळा आहे. पण झाला, तर चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते आणि एवढे करूनही साधारण पाचांतला एक रुग्ण दगावतो.

म्हणून दंतोपचाराआधी प्रतिजैविक देण्याची प्रथा पडली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ साली याविषयी पहिल्यांदा मार्गदर्शन केले. पुढे पन्नास वर्षे हृदयातली साधी कुरकुर ऐकू आली, तरी गोळी दिली जात असे. २००७ साली याच संस्थेने आपली यादी एकदम आखडती घेतली. कारण असे, की जेवताना घास चावताना आणि रोज दात घासतानाही जिवाणू रक्तात शिरतच असतात. वर्षातून एकदा होणाऱ्या दंतोपचारापुरते संरक्षण देऊन उरलेल्या ३६४ दिवसांचे काय? २००८ साली ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने तर ही प्रथा जवळजवळ बंदच करायला सांगितले. त्यावर बराच वाद झाला. २०१६ साली त्या वाक्यात ‘सरसकट’ हा शब्द घालून वैद्यांना थोडी मोकळीक देण्यात आली. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली अतिजोखमीच्या रुग्णांना प्रतिजैविक द्यावेच, असे पुन्हा ठामपणे सांगितले. आजघडीला बहुतेक देशांत मान्य असलेली भूमिका हीच.

अतिजोखमीचे रुग्ण म्हणजे कृत्रिम झडप बसवलेले किंवा कृत्रिम साहित्य वापरून झडप दुरुस्त केलेले. पूर्वी एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेलेले. जन्मजात हृदयदोषामुळे शरीर निळसर पडणारे आणि तो दोष दुरुस्त न झालेले. दुरुस्ती होऊन सहा महिने न झालेले किंवा दुरुस्तीनंतरही गळती राहिलेले. तसेच हृदयरोपणानंतर झडपेचा दोष उद्भवलेले. बायपास, स्टेंट, पेसमेकर, उच्च रक्तदाब, झटका येऊन गेलेला असणे, यांपैकी कशासाठीही या प्रतिजैविकाची गरज नाही. अनेक बायपास रुग्ण दात साफ करून घेण्याआधी गोळीचा आग्रह धरतात. तो निराधार आहे.

प्रौढांसाठी नेहमीची मात्रा अ‍ॅमॉक्सिसिलिनची दोन ग्रॅम, उपचाराआधी अर्धा ते एक तास, एकदाच. पाच दिवसांचा कोर्स नव्हे. गोळी घ्यायची राहून गेली, तर उपचारानंतर दोन तासांपर्यंत घेता येते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे पर्याय आहेत. पूर्वी क्लिंडामायसिन देत असत. आतड्यांवरील गंभीर दुष्परिणामांमुळे २०२१ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते यादीतून वगळले आहे. हिरडीला इजा होईल किंवा दाताच्या मुळाच्या टोकापर्यंत पोचावे लागेल, अशाच उपचारांसाठी ही काळजी घ्यायची. एक्स-रे काढणे, कवळी बसवणे, निरोगी हिरडीत भूल टोचणे, मुलाचा दुधाचा दात पडणे, यांसाठी ती नको.

आपल्याकडे यात एक गुंतागुंत आहे. लहानपणी घसा सुजून, सांधे धरून आलेल्या तापामुळे झडपा खराब झालेले, म्हणजे ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचे रुग्ण पाश्चात्त्य देशांत आता फारसे उरलेले नाहीत. तिकडच्या यादीत त्यांना स्थान नाही. भारतात असे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्यांतील कित्येकांची तोंडे किडलेल्या दातांनी भरलेली असतात. ऑस्ट्रेलियाने आपल्या आदिवासी समाजातील अशा रुग्णांचा समावेश प्रतिजैविकाच्या यादीत केला आहे. परक्या देशाची यादी आपल्या रुग्णांना जशीच्या तशी लावण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या हृदयरोगतज्ज्ञाचा निर्णय लेखी घ्यावा, हे बरे. यांतील अनेकांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू असते. ‘पेनिसिलिन चालूच आहे, मग वेगळे कशाला’ असे त्यांना वाटते. पण त्या इंजेक्शनला तोंडातील जिवाणू सरावलेले असू शकतात. प्रतिजैविक द्यायचे ठरले, तर ते निराळ्या गटातील असावे.

खुर्चीवर बसल्यावर

हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा महिने दातांना हात लावायचा नाही, असा जुना दंडक होता. आता तो इतका कडक राहिलेला नाही. प्रकृती स्थिर असेल, तर आवश्यक उपचार चार ते सहा आठवड्यांनंतर हृदयरोगतज्ज्ञाच्या संमतीने करता येतात. जबड्यात पू झाला असेल, तर तेवढेही थांबता येत नाही. तो उपचार रुग्णालयात, हृदयावर लक्ष ठेवून करावा. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल, तर टाळता येण्याजोगा उपचार त्या दिवशी करू नये. मात्र जिना चढून आल्या आल्या तो मोजू नये. दहा मिनिटे बसू द्यावे.

भुलेच्या इंजेक्शनात अ‍ॅड्रिनॅलिन असते आणि ते हृदयाला घातक, असे अनेक रुग्ण ऐकून असतात. हे अर्धसत्य आहे. अ‍ॅड्रिनॅलिनमुळे भूल अधिक काळ टिकते आणि रक्त कमी जाते. हृदयरुग्णासाठी त्याची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम मानतात. १:८०,००० या नेहमीच्या प्रमाणात दर मिलिलिटरला साडेबारा मायक्रोग्रॅम असते, म्हणजे साधारण तीन मिलिलिटरपर्यंत मुभा राहते. एका दाढेसाठी बहुधा दोन मिलिलिटर पुरतात. त्याशिवायची भूल दिली आणि ती मध्येच उतरली, तर वेदनेने आणि भीतीने शरीर स्वतःच त्याहून कितीतरी अधिक अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात सोडते. छातीत वारंवार कळा येणारे, लय गंभीरपणे बिघडलेले आणि प्रोप्रॅनोलॉल घेणारे रुग्ण यांच्याबाबत मात्र विशेष सावधगिरी हवी.

हृदय कमकुवत असलेल्याला पूर्ण आडवे केले, की धाप लागते. त्याची खुर्ची अर्धवट उभी ठेवावी. उपचार संपल्यावर झटकन उठू नये, रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे भोवळ येऊ शकते. जिभेखाली ठेवायची गोळी घरी विसरू नये. पेसमेकर असल्यास आधी सांगावे. आधुनिक पेसमेकर चांगले संरक्षित असले, तरी कीटण काढण्याची काही यंत्रे आणि हिरडी जाळण्याचे विद्युत उपकरण टाळलेले बरे.

दाढ दुखते, की हृदय?

हृदयाची वेदना कधी कधी खालच्या जबड्यात जाणवते आणि रुग्ण थेट दंतवैद्याकडे येतो. स्टेशनचा पूल चढताना जबडा आवळल्यासारखा दुखू लागणे, उभे राहिल्यावर चार-पाच मिनिटांत ते थांबणे आणि पुन्हा चालू लागल्यावर सुरू होणे, हे दाताचे लक्षण नव्हे. दाताची कळ गार पाण्याने किंवा चावल्याने उठते, तिला जिन्याचे काही देणेघेणे नसते. तोंडात वेदनेचे कारण सापडत नसताना दात काढून टाकण्याची घाई दंतवैद्याने करू नये आणि रुग्णानेही तसा आग्रह धरू नये. आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा. मधुमेही व्यक्ती आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता केवळ जबडा, पाठ किंवा दंड दुखण्याचा संभव अधिक असतो. जबड्याच्या दुखण्याबरोबर घाम फुटला, जीव घाबरा झाला आणि विश्रांतीनेही ते थांबले नाही, तर १०८ क्रमांक फिरवावा.

हिरड्या, औषधे आणि मशेरी

हिरड्यांच्या रोगाने हृदयविकार होतो का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. १९८९ साली फिनलंडमधील मॅटिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा अधिक खराब असतात, असे दाखवले. त्यानंतर बरेच संशोधन झाले. दोहोंमध्ये संबंध आहे, पण एकामुळे दुसरा होतो किंवा हिरड्यांवर उपचार केल्याने झटका टळतो, असे सिद्ध झालेले नाही, असा निर्वाळा अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली दिला. इथे इतिहास आठवावा. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियल येथील भाषणात शरीरातील अनेक व्याधींचे खापर दातांतील पुवावर फोडले आणि पुढची काही दशके संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशावरही उपाय म्हणून लोकांचे चांगले दात उपटले गेले. ‘हिरड्या स्वच्छ करा, हृदयविकार टाळा’ असे फलक दिसले, की त्याची आठवण होते. हिरड्या निरोगी ठेवण्यासाठी हृदयाचा धाक दाखवण्याची गरज नाही. त्या स्वतःच पुरेशा मोलाच्या आहेत.

उलट दिशेचा परिणाम मात्र निश्चित आहे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या निफेडिपिन आणि क्वचित अ‍ॅम्लोडिपिन या औषधांनी हिरड्या वाढून दातांवर चढतात. तोंड अस्वच्छ असेल, तर ही वाढ अधिक होते. गोळी स्वतःहून सोडू नये, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत, विशेषतः स्त्रिया, भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, मशेरी मात्र घरच्या तव्यावर होते. तिच्यातील निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जाऊन नाडी आणि रक्तदाब वाढवते, हे हृदयरोगतज्ज्ञाच्या प्रश्नावलीतही सहसा विचारले जात नाही.

झडपेची शस्त्रक्रिया ठरली, की आधी दंततपासणी करून घेण्याचा प्रघात मोठ्या रुग्णालयांत आहे. किडलेले दात शस्त्रक्रियेपूर्वी काढणे सोपे, नंतर प्रत्येक वेळी प्रतिजैविक आणि आयएनआर यांचा मेळ घालावा लागतो. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांचे सगळे लक्ष हृदयाकडे असते. मूल अशक्त म्हणून रात्री दुधाची बाटली तोंडात राहते, औषधांची गोड सिरपे दिवसातून तीनदा पोटात जातात आणि तिसऱ्या वर्षी पुढचे चारही दात काळे पडतात. प्रत्येक मात्रेनंतर पाणी पाजणे आणि पहिला दात आल्यापासून तो पुसणे, एवढे केले तरी पुष्कळ टळते.

अतिजोखमीच्या रुग्णाला दंतोपचारानंतर काही आठवड्यांत बारीक ताप येऊ लागला, घाम, थकवा, वजन घटणे असे काही जाणवले, तर तो ‘व्हायरल’ म्हणून अंगावर काढू नये. नेहमीच्या दवाखान्यातून प्रतिजैविकाचा तीन दिवसांचा कोर्स घेण्याची घाईही करू नये. अर्धवट प्रतिजैविकाने ताप उतरतो, पण झडपेवरचे जिवाणू मरत नाहीत आणि नंतर केलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये ते सापडत नाहीत. मग नेमके औषध निवडणे कठीण होते. म्हणून प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी रक्ताचे कल्चर करावे आणि हृदयात कृत्रिम झडप आहे, महिन्यापूर्वी दाढ काढली आहे, हे डॉक्टरांना त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.